आठ हजारांची पंगत

फौजेत वीसेक वर्षं काढलेल्या प्रत्येक घरात एक काळी पेटी अशी असते, जी उघडायला कुणाचा हात धजत नाही. आमच्याकडे ती पेटी नंबर अकरा. झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव आणि खाली ‘क्रॉकरी, सांभाळून’ असं लिहिलेलं. मेरठला सामान उतरवताना दोघांनी मिळून ती पेटी उचलली आणि आतून जो आवाज आला, तो ऐकून बायको म्हणाली, “उघडू नका. आवाजावरूनच कळलं.”

उघडली. पस्तीस नगांच्या डिनर सेटमधल्या चार फुल प्लेट, नऊ वाट्या आणि झाकण हरवलेला एक डोंगा, एवढं शाबूत होतं. तसा तो सेट एकदम फुटला नव्हता. प्रत्येक स्टेशननं आपापला वाटा काढून घेतला होता, मेरठच्या रस्त्यानं फक्त शेवटचा हिशेब केला.

चूक आमचीही होती. प्लेटा आडव्या, एकावर एक रचल्या होत्या. आडव्या थप्पीत वरच्या सगळ्यांचं वजन खालच्या प्लेटवर येतं आणि ट्रकचा प्रत्येक धक्का तिच्या पोटात बसतो. प्लेट उभी ठेवावी, कडेवर, दोन प्लेटांमध्ये वर्तमानपत्र आणि तळाशी जुनी चादर. मेसच्या हवालदारानं हे मला लेफ्टनंट असतानाच सांगितलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती.

नवीन भांडी घ्यायची ठरली. लेकीच्या कॉलेजची फी नुकतीच भरलेली, त्यामुळे बायकोनं आकडा सांगितला, आठ हजार. त्यात बारा माणसांचं ताट, वाटी, पेला, चमचा सगळं बसवायचं. सहाच्या सेटवर तिनं फुली मारली. “आपल्याकडे सहा माणसं कधी आलीत? एक तर कुणी येत नाही, नाहीतर अकरा येतात.”

मी म्हटलं, बाजारात जाण्याआधी काय हवंय ते ठरवू. कागद घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं, की आजवर मी प्लेट निवडलीच नव्हती. पहिला सेट लग्नात आला होता, दुसरा कँटीनमध्ये जो शिल्लक होता तो घेतला. आणि बड्या जेवणाला नेहमी मेसची क्रॉकरी मागवली. युनिटचं चिन्ह असलेल्या पांढऱ्या प्लेटा, मोजून आणायच्या, मोजून परत करायच्या, फुटलं तर बिलात लागतं. ताट कसं असावं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. एकदा पडायला हवा होता, तेव्हाही नाही.

ते आधी सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. 1996 साली मी खडकवासल्याला एनडीएत गेलो तोवर काटा नावाची वस्तू मी फक्त हॉटेलच्या जाहिरातीत पाहिली होती. कॅडेट्स मेसमध्ये दोन हजारांच्या आसपास पोरं एकाच वेळी जेवायला बसतात. त्या गर्दीत कुणी आपल्याकडे बघत नसतं, पण पहिल्या टर्मच्या पोराला वाटतं, सगळे आपल्याच हाताकडे बघतायत. मी शेजारच्याचं बघून शिकलो. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार प्लेटकडे. सूपचा चमचा सुरीच्या बाहेर. गोडाचा काटा-चमचा प्लेटच्या वरच्या अंगाला आडवा. पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकाशी, ब्रेडची छोटी प्लेट डाव्या हाताला. बाहेरून आत यायचं. जेवण झालं की काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढप्याला न विचारता कळतं.

पहिल्या सुट्टीत घरी गेलो तर आण्णांनी चारचौघांत विचारलं, “आता काट्यानं जेवतोस म्हणे?” मी हो म्हटलं. त्यांनी आजूबाजूला असं पाहिलं, जणू मी परमवीर चक्र आणलं होतं.

2009 चा जानेवारी. मी मेजर, पोस्टिंग जोधपूर. आई-आण्णा थंडीचे दोन महिने आमच्याकडे आलेले. सीओ साहेब आणि मॅडम, शिवाय आणखी दोन जोडपी अशी जेवायला बोलावली. भोगीचे दिवस होते, आणि जोधपूरला बाजरी तर घरचीच. आईनं बेत ठरवला, तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, भरली वांगी, खिचडी आणि शेवटी गुळपोळी. टेबलाचा ताबा माझ्याकडे. मेसमधून क्रॉकरी आणली. एमईएसच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. काटे, सुऱ्या, चमचे, घडी घातलेले नॅपकिन, सगळं बोटानं अंतर मोजून लावलं. बाजरीच्या भाकरीशेजारी सुरी! आज हसू येतं. तेव्हा मी दोन पावलं मागं जाऊन ते टेबल कौतुकानं न्याहाळलं होतं.

आण्णाही न्याहाळत होते. दाराशी उभे राहून. मग म्हणाले, “मी आपला आधीच दोन घास खाऊन घेतो. मला उशीर सोसत नाही.”

मला कळलं होतं. त्यांना उशीर सोसत नाही, असं काही नव्हतं. गावी हरिपाठ संपवून नऊ-साडेनवाला जेवणारा माणूस. मला नीट कळलं होतं. आणि मी म्हणालो, “बरं.”

एकाच शब्दाची गोष्ट. “असं कसं, आण्णा, बसा की” म्हणायला किती वेळ लागला असता? पण मनात कुठंतरी सुटल्यासारखं झालं होतं, तेही खरं. ते स्वयंपाकघरात पाटावर बसून, घरून आणलेल्या स्टीलच्या ताटात जेवले.

पाहुणे आले. साहेबांनी विचारलं, “डॅडी कहाँ हैं?” मी सांगितलं, ते लवकर जेवतात. भाकरी वाढली. साहेबांनी सुरीकडे एकवार पाहिलं, ती उचलून बाजूला ठेवली, हातानं भाकरी मोडली, वांग्याच्या रश्शात बुडवली आणि म्हणाले, “ये चीज़ छुरी-काँटे से खाना गुनाह है.” सगळे हसले. सगळ्यांनी हातानं खाल्लं. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यात फक्त एक पडदा होता.

आण्णांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. मीही नाही.

तर मेरठला कागद घेऊन बसलो तेव्हा हे सगळं आठवत होतं, कारण डिसेंबरात आण्णा येणार होते. वय एकोणऐंशी. उजवा हात थरथरतो. फोनवर आई म्हणाली होती, “आमटी सांडते म्हणून हल्ली चारचौघांत बसत नाहीत.” मी कागदावर पहिली ओळ लिहिली, आण्णांना ज्यात जेवता येईल ते ताट.

या एका ओळीनं बाकीचे बरेच प्रश्न सुटले.

आधी घरातली जुनी फुल प्लेट पट्टीनं मोजली. साडेदहा इंच. पण दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाचा रुंद, तिरपा काठ. म्हणजे आत सपाट जागा उरते साडेसात इंच. आपली वाटी साडेतीन इंचांची. दोन वाट्या ठेवल्या की मधोमध सातचे सात इंच गेले, पोळी आणि भात काठावर. प्लेटचा यात दोष नाही. ती एका वेळी एक पदार्थ वाढण्यासाठी घडलेली आहे; आधी सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड. प्रत्येक वेळी प्लेट बदलते, काठ रिकामाच राहायचा असतो. आपलं ताट एकदाच वाढतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे, मध्ये भात आणि पोळी. त्यालाही काटा-सुरीइतकीच शिस्त आहे, फक्त ती ताटाच्या आत मांडलेली असते. म्हणून आपल्या ताटाला काठ उभा लागतो, आणि तळ सपाट.

उभ्या काठाचा दुसरा उपयोग थरथरत्या हाताला. घास गोळा करताना भात काठाशी अडतो, बाहेर जात नाही.

मग कशाचं घ्यायचं? मेलामाइन स्वस्त, हलकं, न फुटणारं. पण त्यावर हळदीचा डाग बसला की बसला, मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, आणि उकळती आंबट आमटी त्यात वाढू नये. पांढरं ओपल काचेचं हलकं आणि स्वच्छ, रोजच्या वापराला चांगलं. पण आण्णांच्या हातासाठी नेमकं तेच नको. हलकी प्लेट बोटाच्या धक्क्यानं सरकते. बोन चायनाचा प्रश्न आईनं फोनवरच निकालात काढला. ती माळकरी. त्यात खरोखर हाडांची राख असते, नावच तसं आहे. त्या राखेमुळेच ते उजेडासमोर धरलं की पलीकडच्या बोटांची सावली दिसते. “सावली दिसो नाहीतर देव दिसो, माझ्या घासाखाली हाडं नकोत,” आई म्हणाली. विषय संपला. उरलं स्टील आणि स्टोनवेअर. स्टील गरम वाढलं की हाताला चटका देतं आणि पाहुण्यांसाठी बायकोला नको होतं. स्टोनवेअर, म्हणजे साधारण बाराशे अंशांच्या वर भाजलेली माती. जड, टणक, पाणी न शोषणारी.

आणि स्टोनवेअर म्हटलं तर मेरठहून खुर्जा लांब नाही. बुलंदशहर ओलांडलं की आलंच, सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. एका रविवारी सकाळी निघालो. बायकोनं पिशवीत घरातली एक वाटी आणि शिवणाची टेप घेतली.

खुर्जा हे मातीच्या भांड्यांचं गाव. निळ्या-पांढऱ्या नक्षीची भांडी ही त्याची जुनी ओळख, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. कोलकात्याच्या काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेचं केंद्र इथं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारा माल थांबला, तेव्हा रुग्णालयांना लागणारी भांडी बनवायला सरकारनं इथं कारखाना काढला होता. म्हणजे जखमी जवानांच्या पेल्यांशी या गावाचं जुनं नातं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बरण्या, कुंड्या, कप यांचे ढीग, मागं भट्ट्यांच्या चिमण्या.

पहिल्या दोन दुकानांत आम्ही फक्त शिकलो. तिसऱ्या दुकानदारानं आम्हाला ‘सेकंड’चा कोपरा दाखवला. भट्टीतून निघालेल्या मालात ज्याच्यावर बारीक ठिपका राहिलाय, रंग जरा फिका-गडद झालाय, तो माल वेगळा काढतात आणि कमी भावात विकतात. बायकोनं विचारलं, फुटका तर नाही ना? तो दुखावला. “सेकंड है मैडम, थर्ड नहीं.”

सेकंडमधून पहिल्या दर्जाचं कसं काढायचं, ते तिनं तिथंच उभं राहून शोधलं. प्लेट काउंटरच्या काचेवर ठेवून कडेवर बोट दाबायचं. डुगडुगली तर बाजूला. बोटाच्या टोकावर तोलून नखानं टिचकी मारायची. स्वच्छ नाद आला तर ठीक, भद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. उजेडात तिरपी धरून झिलईत केसांसारख्या रेघा आहेत का ते पाहायचं, कारण त्या रेघांत तेल आणि हळद शिरते आणि मग निघत नाही. तळाला हात फिरवायचा, खरबरीत असेल तर टेबलावर आणि खालच्या प्लेटवर ओरखडे उठतात. आणि नक्षीवरून बोट फिरवायचं. नक्षी उंचवट्यासारखी लागली तर ती झिलईच्या वर काढलेली असते, घासून घासून जाते, आणि वरच्या रंगात काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून जिथं अन्न टेकतं तो तळ साधा हवा, नक्षी काठाला.

शेवटी पिशवीतली वाटी काढून तिनं प्लेटमध्ये ठेवली. मग दुसरी, दुकानातली. मग माझा तळहात मध्ये ठेवायला लावला. “एवढा भात,” ती दुकानदाराला म्हणाली. तो हसला आणि त्यानं आपणहून मागच्या खोलीतून ताटं आणली. अकरा इंची, तळ सपाट, काठ इंचभर उभा, आतून मोतिया रंगाची, बाहेरून काठाला निळी रेघ. कुठल्यातरी हॉटेलच्या ऑर्डरमधली उरलेली.

हिशेब असा झाला. बारा ताटं एकशेतीसनं, 1560. चोवीस वाट्या पस्तीसनं, 840. बारा छोट्या प्लेटा साठनं, 720. चार डोंगे दोनशेवीसनं, 880. बरोबर चार हजार. मेरठला परत आल्यावर काटे-चमचे घेतले 2400 चे. इथं मात्र सेकंडच्या वाटेला गेलो नाही. चमचा हातात जड लागला पाहिजे, कड तोंडाला बोचता कामा नये, आणि मागं 18/8 असा आकडा असेल तर बरं. म्हणजे अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल, गंज धरत नाही. बारा साधे ग्लास 720. टेबलासाठी सुती मॅट 600. एकूण 7720. उरलेल्या 280 चं काय, असं विचारू नका. खुर्जाला गेलेला माणूस खुरचन न घेता परत येत नाही, तो हिशेब आम्ही आधीच लावला होता.

डिसेंबरात आण्णा आले. दुसऱ्या आठवड्यात मी युनिटमधली दोन नवी कॅप्टन जोडपी आणि आमचे सुभेदार मेजर साहेब, त्यांच्या घरची मंडळी अशी जेवायला बोलावली. आम्ही धरून बाराजण. सहा खुर्च्या एमईएसच्या, बाकीच्या शेजाऱ्यांच्या आणि दोन मोढे. या वेळी मेसमधून काही आणलं नाही.

मांडणीवर मी बराच विचार केला होता. प्रत्येकाच्या उजव्या हाताला एक चमचा, एवढंच. काटे टेबलाच्या मधोमध दोन ग्लासांत उभे, ज्याला हवा त्यानं घ्यावा. कुणापुढे काटा ठेवला की त्यानं तो वापरावा असं म्हटल्यासारखं होतं. कुणाच्या एकट्याच्या पुढचा काढला, तर त्याहून वाईट. आमटीची वाटी उजवीकडे पण ताटातच, म्हणजे सांडली तरी ताटात सांडेल. हात धुवायचं पाणी आणि टॉवेल खोलीतच एका बाजूला.

“आण्णा, चला, पानं वाढलीत,” मी म्हणालो.

त्यांनी दारातून टेबल पाहिलं. पूर्वीसारखंच. मी वाट पाहत होतो, कारण या वेळी माझं वाक्य तयार होतं. तेरा वर्षं तयार होतं.

ते काही म्हणालेच नाहीत. येऊन खुर्चीत बसले, ताट दोन्ही हातांनी थोडं पुढं ढकलून पाहिलं आणि म्हणाले, “जड आहे. जागचं हलत नाही. बरं केलंस.”

जेवणं सुरू झाली. आण्णांनी वरण-भात कालवला. हात थरथरत होता, भात काठाशी अडत होता. सुभेदार मेजर साहेब त्यांच्याशी शेतीबद्दल बोलत होते. त्यांचं गाव रोहतककडचं, ऊस दोन्हीकडे. मी माझ्याच व्यवस्थेवर खूश होऊन बघत होतो, तेवढ्यात आण्णांनी हात लांबवून ग्लासातला एक काटा उचलला. गाजराची एक फोड टोचली. तोंडात टाकली. मग दुसरी.

मी बघतोय हे त्यांना दिसलं.

“कोशिंबिरीला काटाच बरा पडतो,” ते म्हणाले. “हातातनं निसटत नाही. गावी पण घेतलेत दोन.”

“कधी घेतलेत?”

“झाली की दहा-बारा वर्षं. जोधपूरहून आल्यावर.”

आई हसली. “महिनाभर रोज काकडी खात होते सरावाला. मला म्हणायचे, पुढच्या खेपेला लागंल.”

पुढच्या खेपेला. मी मान खाली घालून जेवत राहिलो. मधल्या वर्षांत आण्णा तेजपूरला आले होते, अंबाल्याला आले होते. प्रत्येक वेळी मोठ्या जेवणाच्या दिवशी मी आपणहून त्यांचं पान आधी वाढायला सांगायचो. त्यांना अवघडायला नको म्हणून.

जानेवारीत ते गावी परतले. जाताना बायकोनं एक ताट आणि दोन वाट्या त्यांच्या पिशवीत घातल्या, टॉवेलात गुंडाळून, उभ्या. आता आमच्याकडे अकरा आहेत. बारावं कधीही मिळेल. सेट न घेता सुटे नग घेण्याचा हाच फायदा असतो, आणि दुकानदाराचा नंबर पेटी नंबर अकराच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय.